लर्चर आणि इंग्लंडची कुंपणे

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत पार्लमेंटने कायद्यामागून कायदे करून इंग्लंडच्या गावोगावच्या सामायिक जमिनी खाजगी मालकीच्या केल्या, आणि मोकळ्या रानात झुडपांची कुंपणे व लाकडी फाटके उभी राहिली, तेव्हा ग्रेहाउंड व मेंढपाळी कुत्री यांच्या संकरातून निपजलेल्या लर्चरला वेगाइतकीच उडीही साधणे प्राप्त झाले. रात्रीच्या चोरट्या शिकारीस १८२८ च्या कायद्याने कैद आणि तिसऱ्या गुन्ह्यास हद्दपारीपर्यंत सजा फर्मावली; तरीही गरिबाच्या चुलीवर ससा शिजे तो पुष्कळदा या मुक्या साथीदाराच्या कृपेने, आणि त्यात निदान मला तरी फारसा अपराध दिसत नाही. आजही पिल्लास उडी शिकवावी ती हाडे पक्की झाल्यावर, वर्ष उलटल्यानंतर, मऊ जमिनीवर, ठेंगण्या अडसरापासून. काटेरी तारेवरून मात्र कधीही नाही.