वाळीत : एका शिक्षेची कुळकथा

गावाने एखाद्या घराला वाळीत टाकलं की त्या घरातल्या कुणाच्या अंगाला हात लागत नाही. मारहाण नाही, शिवीगाळ नाही, दाराला कुलूपही नाही. फक्त न्हावी येत नाही. परीट कपडे नेत नाही. दुकानदार मीठ-तेल द्यायला तयार नसतो आणि विहिरीवर गेलेल्या बाईला बघून बाकीच्या बाया कळशा उचलून बाजूला होतात. कोकणात शिमग्याची पालखी घरोघर फिरते. या एका अंगणासमोरून ती न थांबता पुढे जाते. घरात मयत झालं तर खांद्याला चार माणसं मिळत नाहीत. बाहेरून आलेल्याला यातलं काहीच दिसणार नाही. घर उभं आहे, माणसं हिंडतायत, चूल पेटतेय.

ही शिक्षा रागाच्या भरात होत नाही. ती विचार करून घडवलेली आहे आणि तिचा सगळा जोर दुसऱ्या कलमात आहे: वाळीत टाकलेल्याशी जो व्यवहार ठेवील, तोही वाळीत. पहिल्या कलमाने एकाला शिक्षा होते, दुसऱ्याने अख्खं गाव शिक्षा देणारं होतं. शेजाऱ्याच्या मनात कसलाही राग नसतो, उलट हळहळ असते. पण त्याच्या मुलीचं लग्न ठरायचं असतं. वेगळा शिपाई नेमावा लागत नाही, तुरुंग बांधावा लागत नाही. शिक्षा राबवायचा खर्च शून्य. मला वाटतं, एवढ्याच कारणाने ती इतकी शतकं टिकली.

तिची मुळं बलुतेदारीच्या गावात आहेत. पैशाने सेवा विकत मिळत नव्हती तेव्हा गावात राहणं म्हणजेच न्हावी, परीट, सुतार, लोहार, जोशी, गुरव यांच्यावरचा हक्क असणं. तो हक्क काढून घेतला की माणूस जागेवरच निराधार व्हायचा. या शिक्षेची मराठी मनात रुतून बसलेली गोष्ट तेराव्या शतकातल्या आळंदीची आहे. विठ्ठलपंत काशीला जाऊन संन्यास घेऊन बसले, गुरूंच्या आज्ञेने परत संसारात आले आणि ब्रह्मवृंदाने त्यांना बहिष्कृत केलं, असं परंपरा सांगते. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं, तरी निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता या मुलांना शुद्धिपत्रासाठी पैठणपर्यंत जावं लागलं. नियम मोडला बापाने आणि तोही गुरूच्या सांगण्यावरून; दारं बंद झाली पोरांना. कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी शिक्षेची रीत त्यात जशीच्या तशी दिसते.

मराठी राजवटीत या रीतीला कागदपत्रांची शिस्त आली. गावचे आणि जातीचे वाद गोतसभेपुढे चालत. कुणाला जातीबाहेर काढण्याच्या प्रकरणाला ‘ग्रामण्य’ म्हणत, आणि ती इतकी माजली की प्रबोधनकार ठाकऱ्यांनी पुढे त्यांचा साद्यंत इतिहास लिहिला. पण एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. परत घेण्याचीही ठरलेली वाट होती: प्रायश्चित्त, दंड, शुद्धिपत्र आणि शेवटी गोताबरोबर एका पंक्तीत जेवण. ती पंगत उठली की माणूस पुन्हा आपला. आणि गोताच्या वर सरकार बसलेलं होतं. 1676 साली नेताजी पालकरांना शिवाजी महाराजांनी विधिपूर्वक परत हिंदू धर्मात घेतलं, तेव्हा वर्षानुवर्षं मुसलमान म्हणून राहून आलेल्या माणसाला पंक्तीला बसवण्याचा शब्द राजाचा होता. पेशवाईत सरकारने असल्या वादांत अनेकदा बलवानाचीच बाजू घेतली, हेही खरं. तरी दाद मागायला एक वरची पायरी होती.

ती पायरी इंग्रजांनी काढली. मुंबई इलाख्याच्या 1827 च्या दुसऱ्या रेग्युलेशनने दिवाणी कोर्टांना सांगितलं की जातीच्या प्रश्नांत पडू नका; बेकायदा कृत्याने कुणाच्या जातीला वा लौकिकाला बाध आला तर नुकसानभरपाईचा दावा तेवढा ऐका. 1850 च्या एकविसाव्या कायद्याने जात गेली म्हणून वारसाहक्क जाणार नाही अशी सोय केली. म्हणजे शेत वाचलं. पण शेतात राबायला कोण येणार आणि मुलीला कोण मागणी घालणार, यात पडायचं नाही असं सरकारने ठरवलं होतं. जातपंचायतीच्या हातातलं हत्यार तसंच राहिलं आणि तिच्यावरचा हात तेवढा निघून गेला.

नेमकं याच काळात बोलणारी माणसं वाढली. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी 1848 साली पुण्यात मुलींची शाळा काढली आणि पुढच्याच वर्षी समाजाच्या दडपणाखाली गोविंदरावांनी मुलाला-सुनेला घराबाहेर काढलं. जोतिरावांना गप्प करायला पंचांना त्यांच्यापर्यंत जावंच लागलं नाही, म्हाताऱ्या बापाला गाठलं की काम झालं. 1869 च्या जूनमध्ये मुंबईत विष्णुशास्त्री पंडितांच्या पुढाकाराने वेणूबाई आणि पांडुरंग करमरकर यांचा पुनर्विवाह लागला. विधवेच्या लग्नाला 1856 पासून कायद्याची परवानगी होती. शंकराचार्यांनी तरीही लग्नात पुढाकार घेणाऱ्यांवर बहिष्कार घातला.

सगळ्यात जवळून ही यंत्रणा बघायला मिळते ती पुण्यातल्या पंचहौद मिशनच्या चहात. ऑक्टोबर 1890. डॉक्टर आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव यांनी शहरातल्या प्रतिष्ठितांना मिशनमध्ये व्याख्यानाला बोलावलं. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. व्याख्यान संपल्यावर चहा-बिस्किटं आली. काहींनी चहा घेतला, काहींनी यजमानांचा मान राखायला कप हातात धरून तसाच खाली ठेवला. प्रकरण तिथेच संपलं असतं. पण गोपाळरावांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली. आता चहा प्यायला की नुसता कपाला हात लावला, याचं महत्त्व उरलं नाही. यादीत नाव होतं. तक्रार शंकराचार्यांकडे गेली, त्यांनी चौकशीला शास्त्री नेमले, साक्षी झाल्या, चहाच्या एका कपाचा रीतसर खटला चालला. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. वादाचा धुरळा तरी लवकर बसला नाही.

रानड्यांचं काय झालं ते मला अजूनही अस्वस्थ करतं. सरकारी न्यायाधीशाला न्हावी-परटावाचून अडणार नव्हतं. अडचण होती ती त्यांच्याबरोबर यादीत असलेल्या मित्रांची. कुणाच्या घरी श्राद्धाला ब्राह्मण मिळेना, कुणाची मुलगी माहेरी येईना, घरातली वडीलधारी मंडळी रोज रडत. रानड्यांनी 1892 साली त्यांच्यासोबत प्रायश्चित्त घेतलं. सुधारकांनी त्यांच्यावर सडकून टीका केली. रमाबाईंनी आपल्या आठवणींत हा प्रसंग लिहिला आहे, आणि त्यांनाही नवऱ्याचं हे करणं पटलेलं नव्हतं. रानडे भ्याले असं मला वाटत नाही. शिक्षा त्यांच्यापर्यंत पोचू शकत नव्हती, म्हणून तिने त्यांचे मित्र पकडले, आणि मित्रांना सोडून एकट्याने ताठ उभं राहणं त्यांना जमलं नाही. पण परिणाम पाहावा तर तो बहिष्कार घालणाऱ्यांना हवा तसाच झाला: इलाख्यातला सगळ्यात मोठा सुधारक प्रायश्चित्ताला बसला.

पुढच्याच वर्षी, मार्च 1893 मध्ये, फर्ग्युसन कॉलेजातल्या धोंडो केशव कर्व्यांनी शारदा सदनात शिकणाऱ्या विधवा गोदूबाईंशी लग्न केलं. दापोली तालुक्यातल्या मुरुडला, त्यांच्या गावी, सभा भरली. कर्वे असतील त्या बैठकीला कुणी बसू नये आणि घरच्यांनी त्यांना घरात थारा दिला तर घरच्यांनाही वाळीत टाकावं, असं ठरलं. घरात म्हातारी आई होती, भाऊ होता. म्हणजे निर्णय कर्व्यांपेक्षा आईने घ्यायचा होता. कर्व्यांनी ‘आत्मवृत्ता’त हे लिहिताना एकदाही आवाज चढवलेला नाही. पुण्यात पगार होता, कॉलेज होतं, मित्र होते, त्यामुळे ते तरले आणि 1958 साली भारतरत्न झाले. पगार नसलेल्या, गाव न सोडू शकणाऱ्या किती जणांना असं तरता आलं असेल?

पोटच गावाच्या हातात असलेल्या माणसावर हे हत्यार चाललं तर काय होतं, ते डॉ. आंबेडकरांनी सरकारपुढे मांडलं. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी 20 मार्च 1927 रोजी दलितांनी घेतलं, तेव्हा लोकांची डोकी फुटली ती त्याच दिवशी. नंतरची शिक्षा आवाज न करता चालू राहिली. मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचे आंबेडकर सभासद होते. तिच्या 1930 च्या अहवालात लिहिलं आहे की अस्पृश्य माणूस सवर्णांच्या जमिनीवर कूळ किंवा मजूर असतो; त्याने हक्क सांगितला की जमीन सुटते, मजुरी बंद होते, वाट अडवली जाते, वाण्याचं दुकान बंद होतं. गोलमेज परिषदेत आंबेडकरांनी बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी लेखी मागणी केली आणि नमुना म्हणून 1922 चा ब्रह्मदेशाचा बहिष्कारविरोधी कायदा पुढे ठेवला. या शिक्षेवर नुसता खेद व्यक्त न करता तिची कायदेशीर व्याख्या करा, असं इतक्या स्पष्टपणे त्यांच्याआधी इथे कुणी मागितलं नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने 1949 साली जातिबहिष्कृत करण्याला बंदी घालणारा कायदा केला. त्याला दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी आव्हान दिलं, आणि 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने तो रद्द ठरवला: धर्माच्या कारणावरून बाहेर काढणं हा त्या पंथाच्या स्वतःच्या कारभाराचा भाग आहे. एकटे सरन्यायाधीश सिन्हा वेगळं बोलले. पुढे त्याच समाजातल्या सुधारकांचे काय हाल झाले, याची चौकशी न्यायमूर्ती नाथवानींच्या आयोगाने सत्तरीच्या दशकाअखेर केली. हा निकाल पुन्हा तपासण्यासाठी मोठ्या पीठाकडे पाठवायचं 2023 साली ठरलं. मधल्या साठ वर्षांत ज्यांच्या मयतीला दफनभूमीची वाट अडली, त्यांना दाद मागायला जागाच नव्हती.

महाराष्ट्रात पुन्हा हालचाल झाली ती 2013 नंतर. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने नाशिकमधून ‘जातपंचायतीला मूठमाती’ अभियान उभं केलं. कुणी आंतरजातीय लग्न केलं म्हणून, कुणी गावकीचा हिशेब मागितला म्हणून, कुणी निवडणुकीला उभं राहिलं म्हणून वाळीत पडलेली माणसं नावानिशी पुढे येऊ लागली. रायगड जिल्ह्यातून तर तक्रारींची रीघ लागली. विधिमंडळाने एप्रिल 2016 मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा एकमताने संमत केला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर 2017 च्या जुलैत तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

या कायद्यातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की त्याने जुन्या शिक्षेचं दुसरं कलम ओळखलं. वाळीत टाकण्यासाठी सभा भरवणं हाही गुन्हा, आणि असा जमाव रोखण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना. लग्नाला, मयताला, देवळात, पाणवठ्यावर अडवणं यांची नावं घेऊन यादी केलेली आहे.

अडतं ते साक्षीला. न्हावी आला नाही, पालखी थांबली नाही, हे कोर्टात सांगायला गावातलाच कुणीतरी लागतो, आणि त्याला ठाऊक असतं की पुढच्या बैठकीत आपलं नाव निघेल. म्हणून पोलीस ठाण्यात तक्रार आली की पहिल्या चोवीस तासांत गावात जाऊन, वाणी-न्हाव्यापासून पंचांपर्यंत प्रत्येकाचा जबाब घेतला पाहिजे. तीन महिन्यांनी गेलं तर सगळे एकच वाक्य सांगतात: आमच्याकडे असं काही नाही, साहेब, त्यांचंच येणंजाणं कमी झालंय.