पर्यावरण व्यवस्थापन : प्रमाणपत्राआधी सांडपाण्याचा हिशेब

उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान अशा चौकटीत मीरा-भाईंदर शहर वसले आहे. येथील गावांची १९८५ मध्ये नगरपरिषद आणि २००२ मध्ये महानगरपालिका झाली. शहर वाढत असताना भाईंदर पूर्वेच्या खासगी औद्योगिक गाळ्यांत स्टेनलेस स्टीलची भांडी आणि पट्ट्या तयार करण्याचा व्यवसायही वाढला. आता गाळ्यांच्या शेजारी निवासी इमारती उभ्या आहेत. त्यामुळे कारखान्यातील सांडपाण्याचे काय होते, हा केवळ मालकाचा प्रश्न उरलेला नाही. अशा कारखान्यात ‘पर्यावरण व्यवस्थापन प्रणाली’ राबवायची म्हणजे नेमके काय करायचे, हे समजून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

मानक काय सांगते?

या प्रणालीचे आंतरराष्ट्रीय मानक म्हणजे आयएसओ १४००१. ते १९९६ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. २००४ आणि २०१५ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या आल्या, तर २०२४ च्या दुरुस्तीने हवामान बदलाचा विचार करणेही बंधनकारक झाले. नियोजन, अंमलबजावणी, तपासणी आणि सुधारणा असे हे चार टप्प्यांचे चक्र आहे. आयएसओ ही संस्था स्वतः कोणालाही प्रमाणपत्र देत नाही. ते काम स्वतंत्र प्रमाणन संस्था करतात. प्रमाणपत्राची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते आणि दरम्यान दरवर्षी तपासणी होते.

मात्र, सांडपाण्यात कोणता घटक किती असावा, हे या मानकात कोठेही लिहिलेले नाही. ती मर्यादा कायदा ठरवतो. मर्यादा पाळण्याची शिस्त कारखान्यात कशी लावावी, एवढेच मानक सांगते.

आरंभ कोठून करावा?

पहिली पायरी म्हणजे कारखान्यातील प्रत्येक कामाचा पर्यावरणावर होणारा परिणाम नोंदवणे. स्टीलच्या पट्टीचे उदाहरण घेता येईल. भट्टीत तापवलेल्या पट्टीवर ऑक्साइडचा थर बसतो. तो काढण्यासाठी पट्टी नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्लांच्या मिश्रणात बुडवून नंतर पाण्याने धुतली जाते. या प्रक्रियेला कारखान्यात ‘पिकलिंग’ म्हणतात. धुतलेल्या पाण्यात आम्ल, फ्लोराइड, लोह, क्रोमियम आणि निकेल उतरतात. आम्ल पाण्याने सौम्य होते, परंतु धातू नष्ट होत नाहीत. ते खाडीच्या गाळात साठत जातात. आम्लाच्या वाफांचा पहिला त्रास होतो तो टाकीजवळ उभ्या असलेल्या कामगाराला.

या पाण्यात चुना मिसळल्यास आम्ल उदासीन होते. धातू आणि फ्लोराइडचा बराचसा भाग गाळाच्या रूपाने खाली बसतो. हा गाळ घातक कचऱ्यात मोडत असल्याने तो साध्या कचऱ्यात टाकता येत नाही. तळोजासारख्या अधिकृत विल्हेवाट केंद्राकडे तो नोंदींसह पाठवावा लागतो.

कायद्याची चौकट

पर्यावरण संरक्षण नियमांनुसार नदी-नाल्यांसारख्या भूपृष्ठीय जलस्रोतांत सोडायच्या सांडपाण्याचा सामू (पीएच) ५.५ ते ९ च्या दरम्यान हवा. एका लिटरमध्ये एकूण क्रोमियम २ मिलिग्रॅम, षट्संयुजी क्रोमियम ०.१ मिलिग्रॅम आणि निकेल ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. याखेरीज १९७४ चा जल कायदा आणि १९८१ चा वायू कायदा यांखाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र घ्यावे लागते. जल कायद्याच्या कलम ३३ अ अन्वये मंडळ कारखाना बंद करण्याचा किंवा त्याची वीज व पाणी तोडण्याचा आदेश देऊ शकते. तसे झाल्यास मालकाचा धंदा बुडतो आणि कामगाराचा रोजगारही जातो.

हिशेबाची वही

लहान कारखान्यात या प्रणालीसाठी जाडजूड दस्तऐवजांची गरज नसते. रोज किती आम्ल आणले, किती पाणी वापरले, बाहेर जाणाऱ्या पाण्याचा सामू किती होता, किती गाळ निघाला आणि तो कधी व कोठे पाठवला, या नोंदी ठेवल्या तरी प्रणालीचा पाया तयार होतो. महिन्याच्या नोंदी शेजारी मांडल्या की नासाडी दिसू लागते. पट्टी एकाच मोठ्या टाकीत धुण्याऐवजी ओळीने ठेवलेल्या दोन-तीन टाक्यांतून नेली आणि ताजे पाणी शेवटच्या टाकीतून उलट दिशेने सोडले, तर पाण्याचा वापर मोठ्या प्रमाणात घटतो. पट्टी पुढे नेण्यापूर्वी आम्ल टाकीवरच निथळू दिले, तर आम्ल वाचते, चुना कमी लागतो आणि गाळही कमी होतो. आम्ल सांडल्यास काय करायचे, हे टाकीजवळ मराठी आणि हिंदीत लिहिलेले असणे हाही प्रणालीचाच भाग होय.

लघुउद्योगांना आयएसओ ९००० आणि १४००१ प्रमाणपत्रांच्या खर्चापैकी ७५ टक्के, कमाल ७५ हजार रुपये परत देण्याची केंद्र सरकारची योजना २००० च्या दशकात होती. तिचा लाभ प्रमाणपत्रासाठी होता. चुन्याच्या टाकीचा आणि गाळ पाठवण्याचा खर्च मालकालाच करावा लागे. प्रमाणपत्र असलेला प्रत्येक कारखाना स्वच्छ असतोच असे नाही आणि नसलेला प्रत्येक कारखाना प्रदूषण करतो असेही नाही. कारखान्याच्या भिंतीवर काय लावले आहे, यापेक्षा त्याच्या गटारातून काय वाहते आहे, यावरच प्रणालीची खरी परीक्षा होते.