बाहेरच्यांच्या हातचा मान

मानाच्या मंडळात नव्या माणसाला घेते कोण? बहुतेक ठिकाणी आधीचे सभासद. क्लब असो की पंडितांची परिषद, दाराची किल्ली आतल्यांच्याच कमरेला. अमेरिकेतील बालवीरांच्या ‘ऑर्डर ऑफ द ॲरो’ या संस्थेने मात्र ही किल्ली बाहेरच्यांच्या हाती दिली.

1915 च्या उन्हाळ्यात डेलावेअर नदीतील ट्रेझर आयलंड या बेटावर फिलाडेल्फियाच्या बालवीरांची छावणी होती. छावणीप्रमुख अर्नर गुडमन अवघे 24 वर्षांचे. जोडीला कॅरोल एडसन. उत्तम शिबिरार्थींचा गौरव व्हावा, असे दोघांच्या मनात आले. पण उत्तम कोण, हे ठरवायचे कसे? प्रमुखासमोर सगळीच मुले शहाणी असतात. पावसात तंबू कोसळल्यावर आधी कोण उठतो, हे शेजारी झोपणाऱ्यालाच ठाऊक! निवड सोबत्यांवर सोपवली गेली.

आजचे नियम याच विचाराचे. उमेदवार प्रथम श्रेणीपर्यंत पोचलेला हवा, 15 रात्री छावणीत राहिलेला हवा आणि त्याला स्काउटमास्तरची संमती हवी. मग चिठ्ठ्यांनी मतदान. मत पथकातील मुलांचे, मोठ्यांचे नाही. आणि जो स्वतः संस्थेत नाही, त्याचेही मत सभासदाइतकेच. निम्मी मुले तरी हजर हवीत. चिठ्ठीवर पात्र मुलांपैकी हवी तितकी नावे लिहावीत. किमान निम्म्या चिठ्ठ्यांवर ज्याचे नाव, तो निवडला गेला. 20 चिठ्ठ्या असल्या तर 10 पुरेत. पूर्वी किती जण निवडावेत यावर मर्यादा असे. ती पुढे काढून टाकली. तेव्हापासून एकाच्या विजयासाठी दुसऱ्याने हरण्याचे कारण उरले नाही.

यावर कोणी विचारील, मुले आपल्या लाडक्या दोस्तालाच मत देणार नाहीत कशावरून? देतही असतील. स्काउटमास्तरची संमती नालायकाला अडवते. पण मुकाट्याने भांडी घासणाऱ्या अबोल मुलाला ती निवडून आणू शकत नाही. तो दोष कोणत्याही नियमाने जायचा नाही. तो मत देणाऱ्याच्या नजरेनेच जाईल.

1948 साली ही संस्था राष्ट्रीय बालवीर संघटनेच्या कार्यक्रमाचा अधिकृत भाग झाली, तरी निवडीचे तत्त्व तेच राहिले. ज्याला स्वतःला कदाचित हा मान कधीच मिळणार नाही, असा मुलगा दुसऱ्याचे नाव चिठ्ठीवर लिहितो. लोकशाहीचा याहून चांगला पहिला धडा कोणता?