मठ आणि तालीम : बडोद्याची एक गुरुपरंपरा

तालमीत पाऊल ठेवणारा मुलगा प्रथम कोनाड्यातील मारुतीस नमस्कार करतो, हौद्यातील माती कपाळी लावतो आणि वस्तादांच्या पायांस स्पर्श करून मगच जोर काढू लागतो. मठाच्या उंबरठ्याशी भाविक जे करतो, त्याहून हे फारसे निराळे नाही. तथापि देह नश्वर आहे, मग त्याची एवढी जोपासना कशाला, असा प्रश्न भाविकांच्या मनात वेळोवेळी उद्भवतो. मठाच्या या वर्धापनसमयी त्या प्रश्नाचे उत्तर तर्काने न शोधता इतिहासात शोधावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात गावोगावी मारुतीची स्थापना केली, तेव्हा उपासना आणि बल यांची गाठ महाराष्ट्रात पक्की बसली. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाची विद्या नावारूपास आणली. निजामाच्या राज्यातून आलेल्या अली व गुलाब या मल्लांचे आव्हान पेशव्यांच्या दरबारात कोणी स्वीकारीना. तेव्हा बाळंभटदादांनी सप्तशृंगगडावर जाऊन उपासना केली आणि मारुतीने त्यांना लाकडी खांबावर डाव दाखविले, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. तिच्यातील चमत्काराचा भाग ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. परंतु व्यायामाची विद्या ही देवाकडून गुरूस आणि गुरूकडून शिष्यास मिळते, ही त्या काळच्या लोकांची धारणा तिच्यातून स्पष्ट दिसते.

या धारणेचा खरा कस लागला तो बडोद्यात. महाराज सयाजीराव तिसरे १८७५ साली गादीवर आले व १८८१ साली त्यांनी राज्यकारभार स्वतःच्या हाती घेतला. त्यांच्या कारकिर्दीत बडोदे हे विद्येचे जसे माहेरघर झाले, तसेच मल्लविद्येचेही झाले. त्याच नगरीत जुम्मादादा यांचा आखाडा होता. जुम्मादादा धर्माने मुसलमान. त्यांचे पट्टशिष्य माणिकराव हिंदू. गुरूने आपली विद्या देताना शिष्याचा धर्म पाहिला नाही, आणि शिष्याने आखाडा हाती आल्यावर त्याच्या दारावर स्वतःचे नाव घातले नाही. जुम्मादादा व्यायाम मंदिर हे नाव आजतागायत कायम आहे. गुरुऋण फेडण्याची याहून निर्मळ रीत कोणत्या मठातही क्वचितच आढळेल.

माणिकरावांनी केवळ मल्ल तयार केले असते, तर त्यांचे नाव चार दंगलींपुरते राहिले असते. त्यांचे मोठेपण निराळे. पूर्वीचा व्यायाम ज्याचा त्याने आपापल्या कोपऱ्यात करावयाचा असे. कवाईत करावयाची तर हुकूम इंग्रजीत द्यावे लागत. माणिकरावांनी देशी आज्ञाशब्द योजून संघव्यायामाची पद्धती बसविली आणि शेकडो मुले एका आज्ञेसरशी एकाच वेळी हालचाल करू लागली. जे बळ एका पहिलवानाच्या दंडात साठून राहत असे, ते अशा रीतीने साऱ्या समाजात वाटले जाऊ लागले. मोडलेली हाडे व निखळलेले सांधे बसविण्यातही त्यांचा हातखंडा होता. म्हणजे आखाडा हे दुखणेकऱ्यांचेही आश्रयस्थान झाले. पुढे बडोद्यातूनच द. चिं. मुजुमदार यांनी संपादिलेल्या 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड प्रसिद्ध झाले आणि वस्तादांच्या मुखी असलेली विद्या ग्रंथारूढ झाली.

या परंपरेची तिसरी पिढी भाविकांना विशेष जवळची वाटेल. डभईस १८८३ साली जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे १९०७ ते १९१० या काळात माणिकरावांपाशी शिकले. पुढे नर्मदातीरी मालसर येथील परमहंस माधवदास यांच्या चरणी त्यांना योगदीक्षा मिळाली, आणि गुणे हे स्वामी कुवलयानंद झाले. तालमीतील शिष्य योग्याच्या आश्रमात गेला. परंतु तालीम त्याने टाकून दिली नाही. १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या सरकारी रुग्णालयातील प्रयोगशाळेत त्यांनी उड्डियान व नौली या क्रियांचा शरीरावर होणारा परिणाम तपासून पाहिला. नौलीच्या वेळी आतड्यात जी अंशतः निर्वात स्थिती उत्पन्न होते, तिला त्यांनी आपल्या गुरूचे, माधवदासांचे, नाव दिले. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन झाले. पुढे १९३६ साली त्यांनी 'यौगिक संघव्यायाम' हे पुस्तक लिहिले. त्या नावातच दोन्ही गुरू एकत्र नांदताना दिसतात. योग माधवदासांचा, संघव्यायाम माणिकरावांचा.

या इतिहासात एक उणीव आहे, तीही सांगितली पाहिजे. तालमीचे दार स्त्रियांना दीर्घकाळ बंद होते, आणि वृद्धांनी तिकडे फिरकावे असे कोणास वाटत नसे. आजचे वैद्यकशास्त्र या दोघांनाच बलसाधनेची निकड अधिक आहे असे सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांना आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि त्याशिवाय निदान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगितला. वृद्धांनी तोल सांभाळण्याचे व्यायामही करावेत असे सुचविले. उतारवयात पाय डगमगला की मनुष्य पडतो, आणि एकदा अंथरुणास खिळला की देवदर्शनासही मुकतो. सोसतील तेवढे नमस्कार आणि भिंतीच्या आधाराने का होईना, थोड्या बैठका, एवढी सामग्री प्रत्येकाच्या घरी आहे.

देह नश्वर आहे, हे माणिकरावांनाही ठाऊक होते आणि कुवलयानंदांनाही. म्हणूनच त्यांनी देह मिरविला नाही. तो सेवेस लावला. मठाची पायरी चढावयाची ती स्वतःच्या पायांनी चढता यावी आणि पालखीला लावलेला खांदा वाकू नये, एवढे बळ राखणे हीदेखील उपासनाच होय. ती नित्यनेमाने घडो, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.