दान, ऋण आणि शहाद्याचा सालदार

दुर्बळांचा भार कोणी उचलावा, शेजाऱ्याने की शासनाने, हा वाद कॅथलिक सामाजिक चिंतनात शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. तेराव्या लिओ पोपने १८९१ च्या 'रेरुम नोवारुम' या परिपत्रात असे मांडले की गरजेपलीकडचे धन गरिबाला देणे हे कर्तव्य खरे. पण पराकोटीची निकड सोडली तर ते न्यायाचे नव्हे, दयेचे कर्तव्य आहे, आणि कायद्याने त्याची सक्ती करता येत नाही. मे १९३१ मध्ये अकराव्या पायसने 'क्वाद्रागेसिमो आन्नो'त पुढचे सूत्र दिले : लहान समूहाला जे साधते ते मोठ्याने हिरावून घेऊ नये. या तत्त्वाच्या नावामागे 'सुब्सिदियुम' हा लॅटिन शब्द आहे. त्याचा अर्थ साहाय्य, कुमक. (त्याच धातूच्या इंग्रजी शब्दासाठी आपण 'अनुदान' म्हणतो आणि त्यातले 'दान' सहसा ऐकत नाही.) लहानाला झेपत नसेल तेव्हा मोठ्याने धावून जावे, हा त्या सूत्राचा दुसरा अर्धा भाग. शासनाला हात आखडता घ्यायला सांगणारे तो बहुधा गाळतात.

त्यानंतर वर्षभरात धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते लिहून घेत होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळातली ही अठरा प्रवचने. सतराव्या अध्यायावर बोलताना विनोबांनी दानाची जी व्याख्या केली ती लिओच्या भूमिकेहून निराळी आहे. समाजाने आपल्याला वाढवले, त्या ऋणाची फेड म्हणजे दान. तो उपकार नव्हे. रोमला हा सूर अपरिचित होता असे नाही. संत अँब्रोजचे याच अर्थाचे वचन सहाव्या पॉलने १९६७ साली पुन्हा पुढे आणले. मात्र ऋणाची वसुली होत नसेल तर काय करायचे, याला विनोबांचे उत्तर १९५१ नंतरही करुणा हेच राहिले. कायद्याला त्यांनी दुय्यम स्थान दिले.

या उत्तराची कसोटी खानदेशातच लागली. शहादा तालुका तेव्हा धुळे जिल्ह्यात होता (१९९८ पासून तो नंदुरबारमध्ये आहे). तिथला भिल्ल सालदार आखाजीला वर्षभरासाठी बांधला जाई. अडीनडीला ज्वारी देणारा आणि त्याची जमीन बळकावणारा मालक पुष्कळदा एकच असे. आम्हाला वाटते, 'स्थानिक दान' हा शब्द इथे अडखळतो. देणारा जितका जवळचा, तितकी त्याची पकड घट्ट. अंबरसिंग सुरतवंती हे भजने गाणारे, सर्वोदयातून आलेले भिल्ल कार्यकर्ते. त्यांनाही हृदयपरिवर्तनाची वाट पाहत बसणे परवडले नाही. १९७२ च्या दुष्काळात श्रमिक संघटनेने जमीन, मजुरी आणि काम यांची मागणी केली.

त्याच वर्षी रोजगार हमी योजना राज्यभर लागू झाली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात १९६५ साली तिचा प्रयोग झाला होता. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा १९७४ चा. हे सारे निर्मळ चालले, असे म्हणण्याचे धाडस हजेरीपट पाहिलेला कोणीही करणार नाही. खोटी नावे, थकलेली मजुरी, अर्धवट सोडलेले पाझर तलाव यांच्या तक्रारी योजनेच्या जन्मापासूनच्या आहेत. शासनाची माया दूरची असते, हा पायसवाद्यांचा आक्षेप खोटा नव्हे.

पण इथे एक उलट गोष्ट घडली, आणि ती त्या परिपत्रांच्या वाचकांनी पाहावी. दूरच्या कायद्याने जवळचा समूह मोडला नाही. मालकाला नकार देण्याचे बळ दिले. काम मागणारा मजूर आता कोणाच्या ओसरीवर उभा नव्हता. योजनेचा पैसा बराचसा व्यवसाय करातून येई : मुंबईच्या पगारदाराच्या पगारातून दरमहा कापली जाणारी लहानशी रक्कम, जिच्यातून सातपुड्याच्या पायथ्याशी कोणीतरी बांध घालत असे.