गधेगाळीतले गाढव आणि शिलेदाराचे घोडे

प्राण्यांची नावे ही भाषेतली सर्वांत साधी नावे, असा आपला समज असतो. मूल बोलू लागले की चित्रांच्या पुस्तकातून ती आधी शिकते. परंतु कोणत्याही मराठी घरात दिवसभर कान देऊन बसावे. ‘गाढव’ हा शब्द पाचदहा वेळा ऐकू येईल आणि त्यांतल्या एकाही वेळी चार पायांचे जनावर अभिप्रेत नसेल. हा दुसरा अर्थ अलीकडच्या बोलीने चिकटवला, असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. तो दगडात कोरलेला आहे.

कोकणात आणि गोव्यात ‘गधेगाळ’ नावाच्या शिळा सापडतात. शिलाहारांच्या काळापासून भूमिदान देताना अशी शिळा उभी करीत. वरच्या बाजूस चंद्र आणि सूर्य, म्हणजे ते आकाशात आहेत तोवर हे दान चालावे, मधे लेख, आणि खाली गाढव व स्त्री यांचे शिल्प, जे पाहून आजचा वाचक मान फिरवील. जो कोणी हे दान मोडील त्याच्या आईची गाढवाकडून विटंबना होवो, असा त्याचा आशय. परळ येथे मिळालेल्या, शिलाहार राजा अपरादित्याच्या बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातील लेखात दानाचा मजकूर संस्कृतात आहे आणि शिवी तेवढी मराठीत. कारण उघड आहे. दानाचा तपशील पंडिताला कळला तरी पुरे. धमकी मात्र नांगर धरणाऱ्याला कळली पाहिजे. आणि ज्याला अक्षरच येत नाही त्याच्यासाठी खाली चित्र होतेच. मराठीच्या जुन्या लेखी पुराव्यांत शिवी आहे याची आम्हांला लाज वाटत नाही. खटकते ते हे की, दान मोडणार पुरुष आणि शिक्षा त्याच्या आईला. आठशे वर्षे झाली, शिव्यांचा हा न्याय अजून बदललेला नाही.

गाढवाचा जमिनीशी दुसरा संबंध नांगराचा. ‘गाढवाचा नांगर फिरवणे’ म्हणजे वस्ती उजाड करून ती भूमी अपवित्र ठरवणे. ही चाल फार जुनी आहे. कलिंगाचा राजा खारवेल याच्या हाथीगुंफा येथील लेखात पिथुंड नगर गाढवांच्या नांगराने नांगरल्याचा उल्लेख आहे. आपल्याकडे इ.स. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुण्यावर असाच नांगर फिरवला असे सांगतात, आणि पुढे जिजाबाईंनी तिथेच सोन्याच्या फाळाने नांगरणी करविली ही कथा तर प्रत्येकाने ऐकलेली असते. एवढे सगळे त्या एका जनावराच्या माथी. आज मात्र आई पोराला ‘अरे गाढवा, जेवलास का?’ म्हणते तेव्हा त्यात निम्मी माया असते. बेळगावच्या एकाच गल्लीत शेजारची कन्नड माउली आपल्या लेकराला ‘कत्ते’ म्हणते. जनावर तेच, राग तोच.

घोड्याची कहाणी वेगळी. मराठ्यांच्या सैन्यात स्वार दोन प्रकारचे. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. स्वतःचे घोडे आणि हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार. शिलेदाराचे घोडे मेले की त्याची रोजीच गेली. ‘मी तुझे काय घोडे मारले?’ या प्रश्नात आम्हांला तोच शिलेदार दिसतो. याहून मोठे नुकसान त्या माणसाच्या कल्पनेत नव्हते. आपलेच घोडे पुढे दामटणे, घोडे अडणे, घोडे गंगेत न्हाणे, घोडामैदान जवळ असणे ही सारी स्वारांच्या समाजाची बोली आहे. कागदी घोडे कसे नाचतात हे तर सीमाभागातल्या वाचकाला सांगायला नको. आणि ‘घोडचूक’, ‘घोडनवरी’ यांत घोडा उरलाच नाही. उरला तो केवळ आकार.

राणोजी शिंदे, मल्हारराव होळकर, पिलाजी गायकवाड यांच्या घोड्यांमागून जी मराठी कुटुंबे उत्तरेस आणि गुजरातेत गेली, त्यांच्या बोलीत हे प्रयोग तर गेलेच, शिवाय नवे मिळाले. ग्वाल्हेर-इंदुराकडे गाढ झोपलेल्याला ‘घोडे विकून झोपलाय’ म्हणतात. तो हिंदीचा प्रयोग, म्हणून त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. तिथला घोडा सौदागराचा. विकला की काळजी मिटली. आपला घोडा शिलेदाराचा. तो विकून झोप कशी लागावी? गोव्यात सत्तरी आणि डिचोलीकडे शिगम्यात घोडेमोडणी होते. कमरेला लाकडी घोडा बांधून, हाती तलवार घेऊन माणसे नाचतात. तिथे घोडा आणि स्वार एकाच देहात असतात.

शब्द मरतात ते असे, की आधी त्यांचा लाक्षणिक अर्थ जातो. सीमाभागात ज्या मुलांची शाळा मराठी नाही, त्यांना ‘घोडा’ म्हणजे काय हे ठाऊक असते. ‘घोडे मारणे’ ठाऊक नसते. गेल्या सुट्टीत आमच्या घरी दोन म्हाताऱ्यांचे भांडण चालले होते. ‘मी तुझं काय घोडं मारलंय?’ हे ऐकून आमचा दहा वर्षांचा नातू धावत आला आणि काळजीने विचारू लागला, ‘आजोबा, घोडा कुणाचा होता? कसा मेला?’

आम्ही त्याला जवळ बसवून शिलेदाराची गोष्ट सांगितली. गधेगाळीची अजून सांगितलेली नाही.