मुलाखतीच्या टेबलापलीकडचा माणूस

लासूर स्टेशनला बोलायचं तर एक पथ्य पाळावं लागतं. गाडीचा भोंगा झाला की वक्त्याने थांबायचं, कारण त्या मिनिटात कोणी ऐकत नाही. (हशा) तेव्हा आम्ही मधेच थांबलो तर विसरलो असं समजू नका.

आजचा विषय नोकरीच्या मुलाखतीचा आहे. मुलाखत कशी द्यावी हे सांगणारे पुष्कळ आहेत. मुलाखत घेणारा माणूस उद्धट निघाला तर काय करायचं, आणि हा उद्धटपणा येतो कुठून, हे आम्हाला पाहायचं आहे. विषय आमच्यापर्यंत आला तो एका मुलीमुळे. तिचं नाव सांगत नाही, ज्या कंपनीत ती गेली तिचंही नाही.

आम्ही तीन निवृत्त शिक्षक रविवारी इथल्या मुलामुलींच्या सराव-मुलाखती घेतो. पदवी झालेली ही मुलगी खऱ्या मुलाखतीहून परत आली ती एकदम गप्प. सकाळच्या गाडीने गेलेली. तिला तीन तास बाहेर बसवलं. आत गेल्यावर साहेब मोबाइलवर. मग अर्ज बघून म्हणाले, ‘लासूर म्हणजे ते कांद्याचं मार्केट ना? मग इकडे कशाला आलात?’ बाकीचे दोघं हसले. पुढचा प्रश्न लग्नाचा. त्याच्या पुढचा, वडील काय करतात. जे ती शिकली त्यावर एकच प्रश्न, आणि त्याचं उत्तर पूर्ण व्हायच्या आत ‘ठीक आहे, कळवू.’

तिने आम्हाला विचारलं, ‘सर, मी तेव्हा काय बोलायला पाहिजे होतं?’

आमच्याकडे पटकन उत्तर नव्हतं. आम्ही इतिहासाची माणसं, म्हणून मागे जाऊन शोधलं.

शब्दापासूनच सुरू करू. मुलाखत म्हणजे मूळची मुलाकात, भेट. दोन सरदारांची, दोन राजांची मुलाखत होत असे. कोणी किती पावलं पुढे यायचं, कोणी कुठे बसायचं, याचे संकेत ठरलेले असत, कारण दोन्ही बाजूंना मान होता. नोकरीच्या मुलाखतीत शब्द तोच राहिला, पण मान एकाच बाजूला गेला. आणि आपला मुलूख तर १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात. हा रेल्वेमार्ग, हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे, १९०० च्या सुमारास झाला, पण त्या गाडीत बसून नोकरी मागायला निघालेल्या मराठी पोरापुढे कचेरीत उर्दू असे. परके नोकऱ्या घेऊन जातात या तक्रारीवरून १९१९ मध्ये ‘मुल्की’ नियम झाला, पंधरा वर्षं राज्यात राहिल्याचा दाखला मागणारा. म्हणजे ‘तू कुठला?’ हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. कधी तो माणसाच्या बाजूने विचारला गेला, कधी त्याला खाली बसवायला.

सरकारी नोकरीसाठी तोंडी परीक्षा ही चीज तशी अलीकडची. इंग्रजांच्या सनदी सेवेत १८५५ पासून स्पर्धा परीक्षा होती ती मुख्यतः कागदावरची. तोंडी परीक्षेची शिफारस तिकडच्या लीथ्स समितीने १९१७ साली केली. पुस्तकी हुशारीपलीकडचा माणूस दिसावा, हा हेतू. हेतू वाईट म्हणता येणार नाही. पण लेखी पेपरात परीक्षकाला उत्तर दिसतं. तोंडी परीक्षेत त्याला तुमचे बूट दिसतात, उच्चार ऐकू येतात, आडनाव समोर असतं. आणि शेवटी तो कागदावर लिहितो फक्त एक आकडा. तो आकडा का लिहिला, हे कुठेच राहत नाही. आमच्या मते उद्धटपणाचं मूळ इथे आहे. माणूस स्वभावाने रागीट असतो म्हणून नव्हे, तर त्या खोलीतलं काहीही बाहेर येणार नाही याची त्याला खात्री असते म्हणून.

१९५० ची गोष्ट घ्या. बंगालचे अच्युतानंद दास हे अनुसूचित जातीतले पहिले आयएएस अधिकारी. लेखी परीक्षेत त्यांचे गुण त्या वर्षी यादीत पहिल्या आलेल्या उमेदवारापेक्षाही जास्त होते. मुलाखतीत पहिल्या आलेल्याला ३०० पैकी २६०, दासांना ११०. ते यादीच्या तळाला गेले. त्या खोलीत काय बोलणं झालं? कोणी काही वावगं विचारलं का? नोंद नाही. नुसते दोन आकडे आहेत. आकडे आहेत म्हणून निदान आपण आज प्रश्न तरी विचारू शकतो.

बायकांच्या बाबतीत तर फार आडपडदा नव्हताच. सी. बी. मुथम्मा परराष्ट्र सेवेत गेलेल्या पहिल्या महिला, १९४९ च्या. निवड मंडळाने त्यांना या सेवेत येऊ नका म्हणून वळवायचा प्रयत्न केला, हे त्यांनी पुढे स्वतः लिहिलं. १९५१ मध्ये ॲना राजम जॉर्ज, लग्नानंतरचं नाव मल्होत्रा, आयएएससाठी मंडळापुढे बसल्या. मंडळाचे अध्यक्ष आर. एन. बॅनर्जी. त्यांना सांगण्यात आलं की परराष्ट्र सेवा घ्या, केंद्रीय सेवा घ्या, त्या बायकांना बऱ्या. हे गोड बोलून सांगितलं होतं, आवाज चढवून नाही. पण अपमान काही आवाजावर मोजत नाहीत. ॲना बाई हटल्या नाहीत, आयएएसच मागितली, मद्रास केडर घेतलं. नेमणुकीच्या हुकमात मात्र होतं की लग्न केलंत तर नोकरी जाईल. तिथे मुख्यमंत्री राजाजी. त्यांनाही बाईला जिल्ह्याच्या कामावर पाठवायचं जिवावर आलं, सचिवालयात बसा म्हणाले. बाई भांडून होसूरला सबकलेक्टर झाल्या.

आपल्याशी त्यांचा संबंध हा, की उरणजवळचं न्हावा-शेवा बंदर उभं करायची जबाबदारी पुढे याच बाईंकडे होती. आपल्या भागातला कांदा त्या बंदरातून जहाजावर चढतो. (टाळ्या) थांबा, टाळ्या त्यांना द्या. २०१८ मध्ये मुंबईत त्या गेल्या.

मुथम्मांनी दुसरी वाट धरली. सेवेत तीस वर्षं काढल्यावर, बढती नाकारली तेव्हा, त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. लग्नाआधी महिला अधिकाऱ्याने सरकारची परवानगी घ्यायची, आणि लग्नानंतर कामात अडथळा येतो असं सरकारला वाटलं तर तिने राजीनामा द्यायचा, असे नियम तोवर होते. १९७९ च्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यावर कडक लिहिलं. लग्नाने काम बिघडत असेल तर पुरुषाचंही बिघडेल, हा साधा मुद्दा. आपल्या मुलीला विचारलेला लग्नाचा प्रश्न इतका जुना आहे, आणि त्याचं उत्तरही तेव्हाच दिलेलं आहे.

आता पुण्याकडे येऊ. १९७४. सुधा कुलकर्णी, आज सगळे सुधा मूर्ती म्हणून ओळखतात, बंगळूरला शिकत होत्या. टेल्कोची जाहिरात लागली, खाली ओळ की महिलांनी अर्ज करू नये. त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं. थोड्याच दिवसांत तार आली, पुण्याला मुलाखतीला या, जाण्यायेण्याचं भाडं कंपनी देईल. पुढचा भाग बहुतेक जण सांगत नाहीत. मुलाखतीच्या खोलीत शिरताना, जेआरडींना लिहिणारी ती हीच, असं कोणीतरी कुजबुजलं. बाईंनी ते ऐकलं, नोकरी मिळणार नाही असं धरून चालल्या, आणि सुरुवातीलाच मंडळाला सुनावलं की मुलाखत फक्त तांत्रिक असेल अशी आशा आहे. आपण तेव्हा उद्धट वागलो, त्याची आजही लाज वाटते, असं त्यांनीच लिहिलंय. मंडळाने मात्र खरोखर तांत्रिकच प्रश्न विचारले, बराच वेळ. आणि मग एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी शांतपणे सांगितलं की कारखान्यात आजवर बाई नव्हती म्हणून ती ओळ होती. बाईंनी उत्तर दिलं की कधीतरी सुरुवात करावीच लागेल. नोकरी मिळाली.

ही गोष्ट आम्ही मुलांना सांगतो तेव्हा एक जण हमखास म्हणतो, ‘सर, सगळ्यांना कुठे जेआरडी भेटतात?’ बरोबर आहे. ज्याला लिहावं असा माणूस वर बसलेला असणं हे नशीब आहे. नशिबावर समाज चालत नाही, म्हणून पुढची गोष्ट आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते.

(गाडी. दोन मिनिटं थांबून.)

हं. श्रीनगरचं रीजनल इंजिनिअरिंग कॉलेज, १९७९. ही नोकरी नव्हे, प्रवेश. पण टेबल तेच. लेखीला १०० गुण, तोंडीला ५०. नापास झालेल्या पोरांचं म्हणणं, प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं दिली, आणि विचारलं काय तर बाप कोण, राहतो कुठे. लेखीत चांगले गुण असलेले बाहेर, कमी गुणांचे आत. पोरं कोर्टात गेली. अजय हासिया खटला म्हणून तो वकिलांना पाठ असतो. पाच न्यायमूर्तींचं पीठ, निकाल लिहिला भगवतींनी, १९८० च्या नोव्हेंबरात. तोंडी परीक्षेला एकतृतीयांश गुण हे मनमानी आहे, १५ टक्क्यांवर जाऊ नये, असं कोर्टाने सांगितलं. आणि एक सूचना केली जी आम्हाला फार आवडते: मुलाखत टेपरेकॉर्डरवर घ्यावी, म्हणजे काय विचारलं ते तपासता येईल. बघा, कोर्टाने सभ्यतेचे धडे दिले नाहीत. टेबलावर टेप ठेवा म्हणाले.

पुढे १९८५ मध्ये हरियाणाच्या लोकसेवा आयोगाच्या खटल्यात सनदी परीक्षांसाठी हे प्रमाण १२.२ टक्के ठरलं. २०१६ पासून केंद्राच्या क गटाच्या आणि अराजपत्रित ब गटाच्या पदांना मुलाखतच काढून टाकली, महाराष्ट्रानेही ती वाट लवकर धरली. इथल्या कितीतरी घरांत त्यामुळे सुटकेचा श्वास घेतला गेला. वशिला आणि मुलाखत हे शब्द आपल्याकडे जोडीनेच बोलले जायचे.

खासगी नोकरीत मात्र टेप नाही, टक्का नाही. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००५ पासून वर्षभराहून जास्त काळ वर्तमानपत्रातल्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावाचा. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत पुढे बोलावणं येण्याची शक्यता दलित नावाला ०.६७ पट, मुस्लिम नावाला ०.३३ पट निघाली. त्याच सुमाराला सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून दाखवलं की ‘घरची पार्श्वभूमी’ विचारणं त्यांना अगदी रास्त वाटतं. वडील काय करतात, हा प्रश्न विचारणारा स्वतःला उद्धट समजतच नाही.

आणि इथे आम्हाला आमचंही सांगितलं पाहिजे. त्या मुलीची हकीकत ऐकल्यावर आम्ही आमच्याच सराव-मुलाखती आठवल्या. एका पोराला ‘पाणी’ आणि ‘पानी’ यावरून आम्ही चौघांदेखत तीनदा सुधारलं होतं, हसलोही होतो. तो पुढच्या रविवारी आला नाही. सवय करून देतोय, बाहेर याहून वाईट असतं, असं आम्ही स्वतःला समजावलं होतं. त्या साहेबांनाही बहुधा असंच काहीतरी वाटत असेल. आता आमच्या टेबलावर एका मुलाचा मोबाइल रेकॉर्डिंगला लावून ठेवतो, आणि मुलाखत झाली की मुलं आमचे प्रश्न ऐकून आम्हाला गुण देतात. पहिल्या आठवड्यात आम्ही तिघंही नापास. (हशा)

तर त्या मुलीला आम्ही काय सांगितलं? उलट उत्तर शिकवलं नाही. एक वाक्य शिकवलं: ‘सर, या प्रश्नाचा कामाशी संबंध सांगाल का?’ नम्रपणे, एकदाच. मग घरी आल्यावर त्याच रात्री तारीख, वेळ, कोण होतं, काय विचारलं, सगळं वहीत. प्रश्न लग्नावरून अंगचटीला किंवा घाणेरड्या बोलण्याला गेला, तर २०१३ चा लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आहे. त्यात तक्रार करणारी बाई नोकरीत असलीच पाहिजे असं नाही, उमेदवारही करू शकते, तीन महिन्यांच्या आत. भरतीत बाई म्हणून भेद करू नये हे १९७६ च्या समान वेतन कायद्यात होतं, आताच्या वेतन संहितेतही आहे. सरकारी मुलाखत असेल तर माहिती अधिकारात आपले गुण मागता येतात. २०१६ च्या निकालाप्रमाणे परीक्षकांची नावं मिळत नाहीत, गुण मिळतात.

तिची आई म्हणाली, ‘सर, लिहायला लावू नका, तिकडे सगळे एकमेकांना ओळखतात, पोरीला कुठंच घेणार नाहीत.’ ही भीती खोटी आहे असं आम्ही म्हणालो नाही, कारण ती खोटी नाही. पोटाचा प्रश्न असला की अपमान गिळणारा माणूस भित्रा नसतो. आम्ही एवढंच म्हणालो की ठरवायचं तिने.

तिने आठ दिवस घेतले. मग कंपनीच्या मुख्य कार्यालयाला एक पानी पत्र लिहिलं, रागाचा एक शब्द नाही, फक्त वेळ आणि विचारलेले प्रश्न. शेवटी एक ओळ तिने स्वतःच्या मनाने घातली, की शिक्षणावरचा जो प्रश्न अर्धवट राहिला त्याचं पूर्ण उत्तर सोबत जोडलं आहे. आणि खरंच दोन पानं उत्तर जोडलं. इथल्या पोस्टातून रजिस्टर केलं. पोचपावती आली आहे. उत्तर अजून यायचंय. ती दुसऱ्या ठिकाणी सोमवारी मुलाखतीला चालली आहे, सकाळच्याच गाडीने.

आता प्रश्न असतील तर विचारा. मागच्या रांगेपासून सुरू करू.